वेळकाढूपणा आणि रेफ्रीचं तारतम्य : खान्देशातल्या फुटबॉल स्पर्धांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका गोलने पुढे असलेली टीम शेवटच्या दहा मिनिटांत काय काय करते, हे जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मैदानांवर उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नाड्या सुटतात, पोटऱ्या धरतात, बॉल कुणालाच सापडत नाही. मग काठावरून सुरू होतं, "ओ रेफ्री, घड्याय दख ना भो!" मॅच संपल्यावर हीच मंडळी टेबलापाशी येऊन जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं २०२५-२६ च्या आंतरराष्ट्रीय नियमांना धरून आहेत. नियमांतले बदल दर वर्षी १ जुलैपासून लागू होतात, तेव्हा पुढच्या हंगामात हे पान वाचत असाल तर नवीन पुस्तिका एकदा बघून घ्या. मतं जिथे आहेत तिथे ती माझी आहेत.

वेळकाढूपणा म्हणजे नेमकं काय? नियमात किती सेकंद दिले आहेत?

सेकंदांचा आकडा फक्त एका ठिकाणी आहे: कीपरच्या हातात बॉल असताना आठ सेकंद. थ्रो, गोल किक, फ्री किक, कॉर्नर यांना मर्यादा नाही. तिथे नियम एवढंच म्हणतो की खेळ पुन्हा सुरू करायला उशीर लावला तर पिवळं कार्ड. सोबत उदाहरणं दिली आहेत. थ्रो टाकायचा आव आणायचा आणि ऐनवेळी बॉल दुसऱ्यासाठी सोडून द्यायचा. बदली होताना रेंगाळत बाहेर जायचं. शिट्टी झाल्यावर बॉल लांब मारायचा किंवा काखेत घेऊन चालू पडायचं. फ्री किक मुद्दाम चुकीच्या जागेवरून मारायची, म्हणजे ती परत मारावी लागते. याखेरीज 'अवाजवी उशीर' असं एक मोघम कलम आहे, आणि सगळी भांडणं त्या 'अवाजवी'पाशी येऊन अडतात.

म्हणजे रेफ्रीने मनाला येईल तसं ठरवायचं?

मनाला येईल तसं नाही. नियम क्रमांक पाच सांगतो की रेफ्रीचा निर्णय हा त्याच्या मतावर आधारलेला असेल, पण तो नियमांच्या चौकटीत आणि खेळाच्या भावनेला धरून असला पाहिजे. चौकट ठरलेली, आत किती ताणायचं ते त्याच्या हातात.

व्यवहारात बघायचं ते असं. उशिराचा फायदा कुणाला होतोय? हे पहिल्यांदाच घडतंय की तोच माणूस तेच करतोय? आणि खेळ सुरू करता येण्यासारखी परिस्थिती होती का? आपल्याकडे हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. रावेर-सावदा पट्ट्यात मैदानाला लागून केळीची बाग असते. बॉल आत गेला आणि स्पर्धेत दुसरा बॉलच नाही, तर कीपरला कार्ड दाखवून काय होणार? ती मिनिटं घड्याळात धरायची. पण बॉल वीस पावलांवर दिसतोय आणि कीपर दोन्ही हात कमरेवर ठेवून कुणीतरी आणून देईल म्हणून उभा आहे, तर तो उशीर त्याच्या नावावर.

नाडीचंही तेच. खरंच नाडी सुटलेला पोरगा आधी बुटाकडे बघतो. वेळ काढणारा आधी रेफ्रीकडे बघतो आणि मग वाकतो. "बूट बांधी ऱ्हायनू ना सर" हे वाक्य दोघंही सारख्याच निरागसपणे म्हणतात.

कार्डाआधी वॉर्निंग द्यावीच लागते का?

नाही. नियमात तशी अट कुठेही नाही. पहिल्याच वेळी पिवळं दाखवता येतं. तरी बहुतेक रेफ्री आधी तोंडी सांगतात, आणि ते बरोबरच आहे, फक्त ते लवकर सांगायला हवं. विसाव्या मिनिटाला, ०-० असताना, कीपरला जाता जाता "चल, लवकर" एवढं म्हटलं की बाकी मॅचभर तुमचं माप काय आहे ते दोन्ही टीमना कळतं. रेफ्रीने पंच्याऐंशी मिनिटं सगळं चालवून घ्यायचं आणि मग अचानक कडक व्हायचं, याला तारतम्य म्हणत नाहीत. तेव्हा ज्याला कार्ड मिळतं त्याला खरोखरच अन्याय वाटतो, कारण तासाभरापूर्वी तेच करून दुसरा सुटलेला असतो.

आणि त्या खेळाडूला आधीच एक पिवळं असेल तर? दुसरं पिवळं म्हणजे लाल. इथे रेफ्रीचा हात खिशाकडे जाताना अडतो, हे मान्य करायला हरकत नाही. पण पहिल्या पिवळ्यानंतर पोराला माहीत असतं तो कशाशी खेळतोय.

गोल किकला कीपर एवढा वेळ लावतो, रेफ्री गप्प का?

कारण इथे वेळ थेंबाथेंबाने जातो. सात सेकंद, दहा सेकंद, बारा सेकंद. एकेक उशीर बघितला तर कार्डाएवढा वाटत नाही. आपल्या मैदानांवर तर कीपरच्या हाताशी एक खास हत्यार असतं: फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी भुकटी. सकाळी आखलेल्या रेषा दुसऱ्या हाफपर्यंत काळ्या मातीत पुसून गेलेल्या असतात. मग कीपर बॉल डावीकडे ठेवतो, दोन पावलं मागे जातो, परत येतो, रेफ्रीला विचारतो, "सर, रेष इथून ना?" बुटाच्या टोकाने स्वतःच रेष ओढतो. बॉल खड्ड्यात बसतोय म्हणून उचलतो, बनियनला पुसतो आणि उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो.

यात मला एकच गोष्ट ठाम खूण वाटते: बाजू बदलणं. गोल एरियात कुठूनही किक मारायला मोकळीक आहे, तेव्हा एकदा ठेवलेला बॉल उचलून पलीकडे नेण्याचं खेळाच्या दृष्टीने कारण जवळपास कधीच नसतं. पहिल्या वेळी हाक, दुसऱ्या वेळी कार्ड.

२०१९ मध्ये नियम बदलला. गोल किक पेनल्टी एरियाबाहेर जायची वाट बघावी लागत नाही, बॉल मारला आणि स्पष्ट हलला की खेळ सुरू. त्याआधी आपलाच डिफेंडर मुद्दाम आत येऊन बॉलला पाय लावायचा आणि किक परत मारायला लागायची. ती युक्ती तरी मेली.

कीपरच्या आठ सेकंदांचं काय? पूर्वी सहा होते ना?

हो. २००० सालापासून सहा सेकंदांचा नियम होता, त्याआधी चार पावलांचा. सहा सेकंदांपेक्षा जास्त धरलं की समोरच्याला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही), तीही पेनल्टी एरियाच्या आत. कागदावर कडक, मैदानावर मेलेला नियम. कीपर दहा-पंधरा सेकंद बॉल छातीशी धरून उभे राहायचे आणि जगभरातले रेफ्री दुसरीकडे बघायचे. गोलपासून दहा-बारा मीटरवर फ्री किक देणं म्हणजे एवढ्याशा उशिराला फार मोठा दंड, असं त्यांना वाटायचं.

आणि मग कधीतरी एखादा रेफ्री तो नियम लावायचा, तेव्हा आभाळ कोसळायचं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांची सेमीफायनल, ओल्ड ट्रॅफर्डवर कॅनडा विरुद्ध अमेरिका. कॅनडा ३-२ ने पुढे. कॅनडाची कीपर एरिन मॅक्लिऑड बॉल धरून वेळ लावतेय, आणि अमेरिकेची ॲबी वॉम्बॅक रेफ्रीच्या कानावर पडेल अशा बेताने मोठ्याने सेकंद मोजतेय. नॉर्वेच्या रेफ्री क्रिस्टिना पेडरसन यांनी शिट्टी मारली. इनडायरेक्ट फ्री किक. ती अडवायला उभ्या असलेल्या कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला बॉल लागला, पेनल्टी मिळाली आणि वॉम्बॅकनेच ३-३ केलं. पुढे एक्स्ट्रा टाइमच्या अर्ध्या तासाच्या खेळात अमेरिका ४-३ ने जिंकली. नियमाच्या अक्षराप्रमाणे निर्णयात काही चूक नव्हती. तरी तो पचला नाही, कारण बाकी कुणीच तो नियम लावत नव्हतं. २०१५ मध्ये युरोपा लीगला लिव्हरपूलचा मिन्योले वीसेक सेकंद बॉल धरून उभा राहिला आणि बोर्दोने मिळालेल्या फ्री किकवर गोल केला. तिथे कुणाला फारशी दया आली नाही.

२०२५ मध्ये नियम करणाऱ्यांनी शहाणपणा केला: वेळ दोन सेकंदांनी वाढवला आणि शिक्षा हलकी केली. आता आठ सेकंदांनंतर समोरच्या टीमला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. मोजणी कीपरच्या ताब्यात बॉल पूर्ण आला आणि समोर कुणी अडवायला नाही, तिथून सुरू होते, बॉल हाताला लागल्या क्षणापासून नाही. दंड पेलवणारा असला की रेफ्री तो देतो, हे त्यांना पंचवीस वर्षांनी कळलं. आपल्या स्पर्धांत अजून बऱ्याच कीपरांना हा बदल माहीत नसतो, म्हणून टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना सांगून टाकलेलं बरं.

थ्रोला उशीर केला तर थ्रो उलटा का देत नाही?

२०२५-२६ च्या नियमांत तशी तरतूद नाही. बॉल खेळाबाहेर असताना केलेल्या उशिराला कार्ड आहे, पण थ्रो ज्याचा त्याचाच राहतो. चुकीच्या जागेवरून टाकला तर मात्र तो दुसऱ्या टीमला जातो. माझं मत विचाराल तर उशिरालाही हीच शिक्षा हवी. शाळेतल्या पोरांना कार्डापेक्षा ती पटकन समजेल.

खेळाडू पडून राहिला तर? नाटक करतोय हे दिसत असताना रेफ्री का थांबतो?

जखम किरकोळ वाटली तर रेफ्री खेळ चालू ठेवू शकतो, गंभीर वाटली तर थांबवायलाच हवा. समोरच्या टीमने बॉल बाहेर मारावा असं कुठलंही बंधन नाही. तो उगाच रूढ झालेला शिष्टाचार आहे आणि वेळ काढणारे त्याचाच फायदा उठवतात.

ज्याच्यावर मैदानात उपचार झाले त्याला बाहेर जावं लागतं, आणि खेळ सुरू झाल्यावर रेफ्रीने खूण केली की मगच आत. कीपर, कीपरशी धडकलेला खेळाडू, आपसात धडकलेले दोन सहकारी, गंभीर जखमी, आणि ज्याच्यावरच्या फाउलला कार्ड मिळालं तो, अशांना सवलत आहे. त्यामुळे "स्प्रे मारायला माणूस बोलावू का? मग बाहेर जावं लागेल" असं शांतपणे विचारलं की निम्म्या पोटऱ्या जागच्या जागी बऱ्या होतात. जखमेचं ढोंग केलं असेल तर ते स्वतंत्र पिवळं कार्ड आहे.

पण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत भरणाऱ्या स्पर्धांत माझा कल उलटा असतो. पारा पंचेचाळीसपाशी गेलेला, साडेचारला मॅच सुरू, पोरं उपाशीपोटी आलेली. इथे पडलेला पोरगा नाटक करतोय असं गृहीत धरणं धोक्याचं. आधी तो शुद्धीवर आहे का, घाम येतोय का, नीट बोलतोय का ते बघायचं, संशय नंतर. उन्हाचा तडाखा रेफ्रीलाही सोडत नाही. जानेवारी २०२२ मध्ये आफ्रिका कपच्या ट्युनिशिया-माली सामन्यात झांबियाचे रेफ्री जॅनी सिकाझ्वे यांनी एकदा ८५ व्या मिनिटालाच शेवटची शिट्टी मारली, आणि खेळ परत सुरू झाल्यावर नव्वद व्हायच्या आत दुसऱ्यांदा. उष्माघाताने आपलं भान गेलं होतं असं त्यांनी नंतर सांगितलं. आयोजकांनी पाण्याचा ब्रेक आधीच ठरवावा: नुसतं पाणी प्यायला जास्तीत जास्त एक मिनिट, अंग थंड करायला दीड ते तीन मिनिटं. हा वेळ पुढे जोडायचा असतो.

बदली खेळाडू चालत चालत बाहेर जातो, त्याला पळायला लावता येतं का?

पळायला नाही, पण जवळच्या रेषेवरून बाहेर काढता येतं. २०१९ पासून तोच नियम आहे. पलीकडच्या कडेला उभा असलेला खेळाडू आपल्या बाकापर्यंत प्रत्येकाशी हात मिळवत येत असेल तर त्याला तिथूनच बाहेर घालवा. ऐकलं नाही तर पिवळं. वरच्या स्तरावर पाच बदल्यांसाठी खेळ चालू असताना तीनच वेळा थांबता येतं, तेही यासाठीच.

कॉर्नरच्या झेंड्यापाशी बॉल अडवून उभं राहणं, मागच्या मागे पास देत राहणं, हे चालतं?

चालतं. बॉल खेळात आहे, समोरच्याने येऊन तो काढून घ्यावा. लोक इथे हमखास चिडतात आणि रेफ्रीला शिव्या घालतात, पण त्याच्याकडे यासाठी शिट्टी नाहीच.

याचं टोक १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनच्या गिहॉन शहरात दिसलं. पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध सुरुवातीलाच गोल केला. १-० झालं तर दोघंही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, हे दोघांना ठाऊक होतं. बाकी सगळा वेळ बॉल इकडून तिकडे फिरत राहिला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, अल्जीरियाने तक्रार केली, पण एकही नियम मोडलेला नव्हता. म्हणून फिफाने रेफ्रीच्या अधिकारांना हात न लावता वेळापत्रक बदललं: १९८६ पासून गटातल्या शेवटच्या मॅचेस एकाच वेळी सुरू होतात. आपल्याकडे साखळी पद्धतीच्या स्पर्धेत दोन मैदानं मोकळी असतील तर आयोजकांनी हे जरूर करावं.

कीपरला मुद्दाम पायाने दिलेला पास हाताने उचलता येत नाही, हा १९९२ चा नियमही अशाच कंटाळवाण्या खेळातून आला.

जादा वेळ किती मिळायला हवा? बोर्डावर चार दाखवलं आणि सहा मिनिटं खेळवलं, असं का?

बोर्डावरचा आकडा किमान असतो. रेफ्री तो वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. जादा वेळेतच कुणी तीन मिनिटं लोळत राहिला तर ती तीन मिनिटं वर चढतात. बदल्या, जखमा, कार्डं, पाण्याचे ब्रेक, गोलनंतरचा जल्लोष आणि वेळकाढूपणा हे सगळं धरायचं. पहिल्या हाफची चूक दुसऱ्या हाफमध्ये भरून काढता येत नाही.

किती धरायचं याचं माप बदलत आलंय. वर्षानुवर्षं दोन-तीन मिनिटांचा रिवाज होता. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये गेलेला वेळ नीट मोजायचं ठरलं आणि इंग्लंड-इराण सामन्यात पहिल्या हाफला १४, दुसऱ्याला १३ मिनिटांच्या आसपास जादा खेळ झाला. नियम तोच होता, फक्त तारतम्याची पट्टी बदलली.

आमच्या स्पर्धेत पुढची मॅच लागलेली असते म्हणून जादा वेळ देतच नाहीत. मग?

खरी गोम इथे आहे. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे हाफ ठेवायला मुलांच्या आणि हौशी स्पर्धांत मुभा आहे, फक्त ते आधी ठरलेलं हवं. पण जादा वेळ काढून टाकला की वेळ खाणाऱ्याला तो खाल्लेला वेळ फुकट मिळतो. गेलेला वेळ परत देणं हे रेफ्रीचं मुख्य साधन, तेच तुम्ही काढून घेतलं. उरलं फक्त कार्ड. म्हणून अशा स्पर्धेत मी गोल किक, थ्रो, बदली सगळ्यालाच एरवीपेक्षा लवकर कार्ड काढतो, आणि ते मॅचआधी सांगतो. आयोजकांना विनंती एवढीच: दिवसाला एक मॅच कमी ठेवा, नाहीतर दोन मॅचमध्ये दहा मिनिटं मोकळी सोडा.

हिवाळ्यात संध्याकाळच्या फायनलला आणखी एक गंमत होते. दिवे नसलेल्या मैदानावर साडेसहाला बॉल दिसेनासा होतो आणि पुढे असलेली टीम अंधाराची वाट बघत खेळते. त्यांचा हिशोब चुकीचा असतो. अर्धवट सुटलेली मॅच, स्पर्धेच्या नियमांत दुसरं काही नसेल तर, पहिल्यापासून परत खेळवली जाते.

कॉर्नर मिळाला असताना शिट्टी मारता येते का?

येते. वेळ संपल्यावर फक्त पेनल्टी पूर्ण होऊ द्यावी लागते, बाकी कशासाठीही थांबायचं बंधन नाही. १९७८ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझील-स्वीडन १-१ असताना वेल्सचे क्लाइव्ह थॉमस यांनी कॉर्नर हवेत असताना शिट्टी मारली, आणि झिकोने हेडरने केलेला गोल गेला. नियमाने ते बरोबर होते. पण कॉर्नर मारू द्यायचाच नव्हता तर तो मारायच्या आधी शिट्टी मारायची. बॉल हवेत गेल्यावर मारलेली शिट्टी कुणालाच पटत नाही, मलाही नाही.

बाकावरचे लोक बॉल लपवतात, दुसरा बॉल आत फेकतात. त्यांना कार्ड आहे का?

आहे, आणि हे फार थोड्या कोचना माहीत असतं. आपल्याच टीमचा खेळ सुरू करायला उशीर लावला तर कोचला पिवळं. पण समोरच्या टीमचा थ्रो किंवा फ्री किक अडवायला बॉल धरून ठेवला, लाथाडला किंवा खेळाडूला वाटेत अडवलं तर थेट लाल. नेमकं कोणी केलं ते कळलं नाही तर बाकावरच्या मुख्य कोचवर कार्ड येतं. त्यामुळे पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटमागे बॉल सापडला तर "मला काय माहीत सर" म्हणून भागत नाही.

प्रेक्षकांना कार्ड नाही. त्यांनी बॉल अडवला तर वेळ जोडायचा, आयोजकांना बोलवायचं, आणि अगदीच ऐकेनात तर मॅच थांबवायची.

वेळेबाबत रेफ्रीच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करता येते का?

चारऐवजी सात मिनिटं द्यायला हवी होती, त्या थ्रोला कार्ड हवं होतं, अशा तक्रारीचा उपयोग नाही. खेळातल्या घटनांबाबत रेफ्रीचं मत अंतिम असतं. हाफ ठरलेल्या वेळेआधीच संपवला, किंवा दोन हाफ वेगवेगळ्या लांबीचे ठेवले, तर गोष्ट वेगळी. तिथे तारतम्याचा प्रश्न नाही, नियमच चुकीचा लावला गेलाय. अशी हरकत स्पर्धेच्या नियमांप्रमाणे दिलेल्या मुदतीत, लेखी आणि कॅप्टन किंवा टीम मॅनेजरच्या सहीने द्या. मैदानातच लक्षात आलं तर कॅप्टनने रेफ्रीकडे एकट्याने जावं, घड्याळ बघायला सांगावं आणि परत फिरावं. बाकीचे दहा जण आपापल्या जागी थांबले तर उत्तम, कारण त्या घोळक्यात जाणारा वेळही मी मोजत असतो.